मफलरचा पॅटर्न कसा वाचावा

विणकामाचा पॅटर्न चार गोष्टी सांगतो: लोकर आणि सुया कोणत्या, टाके किती, ते कोणत्या क्रमाने विणायचे आणि कुठे थांबायचे. मफलरच्या पॅटर्नमध्ये याहून फारसे काही नसते. स्वेटरला लागणारा गळ्याचा उतार, बाहीचा घेर, मुंढ्याचे घटवलेले टाके यांतले काहीच मफलरला नको असते. एक लांब सरळ पट्टी विणली की झाले. म्हणून विणायला शिकणाऱ्याच्या हाती पहिला पॅटर्न बहुधा मफलरचा येतो. तरीही सुया बऱ्यापैकी चालू लागलेला माणूस त्या कागदापाशी अडतो. पॅटर्न जागा वाचवण्यासाठी शब्दांची अक्षरे करतो, पुन्हा पुन्हा येणारा मजकूर एकदाच छापतो आणि सरावलेल्या विणणाऱ्याला जे ठाऊक असते ते लिहीतच नाही. या तीन सवयी ओळखल्या, की उरतो तो टाक्यांचा साधा हिशेब.

पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी घरोघरी विणकाम व्हावे म्हणून अमेरिकन रेड क्रॉसने १९१७ साली छापील सूचना वाटल्या. त्यांतला मफलरचा पॅटर्न जेमतेम तीन ओळींचा आहे. लोकरीच्या अडीच लड्या, म्हणजे सुमारे २८० ग्रॅम. संस्थेच्या ठरलेल्या ३ नंबरच्या सुया. ५० टाके किंवा ११ इंच रुंदी. आणि ६८ इंच भरेपर्यंत साधी वीण. साधी वीण म्हणजे प्रत्येक सुई सुलट. वर सांगितलेल्या चारही गोष्टी यात आल्या. आजचे पॅटर्न चार-चार पानांचे असले, तरी त्यांचा सांगाडा हाच असतो.

लोकर आणि सुया

पॅटर्नच्या माथ्यावर साहित्याची यादी असते. तिच्यात लोकरीचे नाव, वजन, लांबी आणि जाडी दिलेली असते. यांपैकी नाव सर्वांत कमी महत्त्वाचे. तीच लोकर मिळाली नाही तर दुसरी चालते, पण जाडी जुळली पाहिजे. अमेरिकेतील क्राफ्ट यार्न काउन्सिलने लोकरीच्या जाडीचे ० ते ७ असे आठ गट पाडले आहेत आणि पुष्कळ गुंड्यांच्या वेष्टनावर लडीच्या छोट्या चित्रात हा आकडा छापलेला असतो. ० म्हणजे जाळीच्या शालींची अगदी बारीक लोकर, ३ म्हणजे ‘डीके’, ४ म्हणजे मध्यम किंवा ‘वर्स्टेड’, ५ म्हणजे जाड ‘बल्की’. पहिल्या मफलरला ४ किंवा ५ गटातली, फिक्या एकाच रंगाची, गुळगुळीत लोकर सोयीची. गडद रंगात आणि केसाळ लोकरीत टाके नीट दिसत नाहीत, त्यामुळे चूक झाली तरी कळत नाही.

‘फोर प्लाय’सारखे शब्द धाग्यात किती पदर पिळले आहेत ते सांगतात, पदर जाड की बारीक हे त्यांवरून कळतेच असे नाही. वेष्टनावर जाडीच्या गटाचा आकडा नसला, तर वजन आणि लांबी पाहावी. १०० ग्रॅममध्ये २०० मीटरच्या आसपास लोकर असेल तर ती साधारण मध्यम जाडीची असते. त्याहून बरीच जास्त लांबी असेल तर बारीक, बरीच कमी असेल तर जाड. वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाशेजारी रंगाईच्या घाण्याचा, म्हणजे लॉटचा क्रमांकही असतो. एकाच रंगाचे दोन लॉट दुकानात सारखे दिसतात आणि विणल्यावर मफलरच्या मधोमध फरकाची रेघ उमटते. म्हणून लागणारे सगळे गुंडे एकाच लॉटचे आणि एकदमच घ्यावेत.

सुयांच्या नंबरांत मोठा घोळ आहे. भारतात सुया बऱ्याचदा जुन्या ब्रिटिश नंबरांनी विकल्या जातात, आणि त्या पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकन पद्धतीत नेमके उलटे: नंबर वाढला की सुई जाड होते. ३.२५ मिलिमीटरची सुई जुन्या ब्रिटिश पद्धतीत १० नंबरची आणि अमेरिकन पद्धतीत ३ नंबरची. ४ मिलिमीटरची सुई इथे ८, तिथे ६. ५ मिलिमीटरची इथे ६, तिथे ८. ६ मिलिमीटरची इथे ४, तिथे १०. दोन्ही पद्धती जुळतात त्या फक्त ७ नंबरवर, म्हणजे ४.५ मिलिमीटरला. अमेरिकन पॅटर्नमध्ये ८ नंबरच्या सुया सांगितल्या आणि इथल्या दुकानातून ८ नंबरच्या आणल्या, तर ५ ऐवजी ४ मिलिमीटरच्या सुया हातात येतात आणि मफलर अरुंद व ताठ होतो. यावर उपाय एकच: नंबर सोडून मिलिमीटर वाचावेत. बहुतेक नव्या पॅटर्नमध्ये ते दिलेले असतात.

गेज

साहित्याच्या यादीखाली ‘१८ टाके, २४ ओळी = १० सेंमी’ अशी एक ओळ असते. ही गेजची ओळ. ब्रिटिश पॅटर्नमध्ये तिलाच ‘टेन्शन’ म्हणतात. पॅटर्न लिहिणाऱ्याच्या हाताने, त्या लोकरीने आणि त्या सुयांनी विणलेल्या १० सेंटिमीटरच्या चौकोनात किती टाके बसले, ते ती सांगते. प्रत्येकाचा हात वेगळा. कोणी धागा ओढून विणतो, कोणी सैल सोडतो. एकाच लोकरीने आणि एकाच सुयांनी दोघांनी ५० टाके विणले तरी रुंदी सारखी येईलच असे नाही.

रेड क्रॉसच्या पॅटर्नमध्ये गेज असे शब्दांत लिहिलेले नाही, पण ते लपलेले आहे. ५० टाक्यांत ११ इंच, म्हणजे इंचाला साडेचार टाके, म्हणजे १० सेंटिमीटरमध्ये जवळपास १८. ज्याच्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसतात, त्याचे ५० टाके २५ सेंटिमीटरच भरतील. रुंदी २८ सेंटिमीटर हवी असेल तर त्याने ५६ टाके घालावेत, किंवा थोडी जाड सुई घ्यावी.

स्वतःचे गेज कळण्यासाठी एक तुकडा विणून पाहावा लागतो. पॅटर्नमध्ये सांगितलेल्या विणीत २५ ते ३० टाक्यांचा, हातभर नव्हे पण तळहाताहून थोडा मोठा तुकडा विणावा, मफलर ज्या रीतीने धुतला जाणार त्या रीतीने धुवावा, वाळल्यावर सपाट पसरून मधल्या भागात पट्टीने टाके मोजावेत. कडेचे टाके मोजात धरू नयेत. ते नेहमीच थोडे वाकडे असतात. टाके जास्त भरले तर सुई एक माप जाड घ्यावी, कमी भरले तर बारीक. मफलरला अंगावर बेतायचे नसते, त्यामुळे एखाद्या टाक्याचा फरक खपून जातो. मात्र लोकर पुरेल की नाही हेही याच तुकड्यावर ठरते. २० ग्रॅम लोकरीत पूर्ण रुंदीचे १५ सेंटिमीटर विणून होत असेल, तर दीड मीटरच्या मफलरला २०० ग्रॅम लागणार.

दोन टाके

सगळे विणकाम दोन टाक्यांवर उभे आहे: सुलट आणि उलट. सुलट विणताना धागा कामाच्या मागे असतो आणि सुई टाक्यात समोरून मागे जाते. उलट विणताना धागा कामाच्या पुढे असतो आणि सुई टाक्यात मागून पुढे येते. खरे पाहता हा एकाच टाक्याच्या दोन बाजूंचा मामला आहे. सुलट टाका समोरून इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसतो आणि काम वळवले की तोच टाका मागून आडव्या गाठीसारखा दिसतो. उलट टाक्याची गाठ समोर येते आणि व्ही मागे जातो.

पॅटर्न समजण्याची अर्धी किल्ली इथे आहे. प्रत्येक सुई सुलट विणली, की एका ओळीचे व्ही समोर आणि पुढच्या ओळीच्या गाठी समोर असे आळीपाळीने येते. आडवे उंचवटे असलेली, दोन्हीकडून सारखी दिसणारी ही ‘गार्टर’ वीण. तिच्यात एक उंचवटा म्हणजे दोन ओळी, त्यामुळे ओळी मोजायच्या तर उंचवटे मोजून दुप्पट करावेत. एक सुई सुलट आणि एक सुई उलट विणली, की सगळे व्ही एका बाजूला आणि सगळ्या गाठी दुसऱ्या बाजूला जातात. ही ‘स्टॉकिंग’ वीण. दिसायला ती सफाईदार, पण कडांना गुंडाळत जाते: उभ्या कडा मागे वळतात, वरची-खालची कड पुढे वळते. नुसत्या स्टॉकिंग विणीत विणलेला मफलर काही वेळात नळी होऊन बसतो. इस्त्री केली, ताणून ठेवला तरी पुन्हा वळतो. म्हणून मफलरच्या पॅटर्नमध्ये गार्टर, रिब किंवा साबुदाण्यासारखी दाणेदार वीण जास्त आढळते, आणि स्टॉकिंग वीण असलीच तर दोन्ही कडांना काही टाक्यांची गार्टर पट्टी ठेवलेली असते.

सुलट-उलट हे शब्द दोन अर्थांनी येतात आणि पहिल्या वेळी तिथे गफलत होते. ‘सुलट टाका’ ही विणण्याची कृती. ‘सुलट बाजू’ म्हणजे घालताना बाहेर दिसणारी बाजू. सुलट बाजूच्या ओळीत उलट टाके असू शकतात आणि उलट बाजूच्या ओळीत सुलट टाकेही. पॅटर्नमध्ये ‘सुलट बाजू’ असे लिहिले, की काम कोणत्या तोंडाने धरायचे तेवढेच सांगितलेले असते. विणकामाला लागताच सुलट बाजूला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची एक गाठ मारून ठेवली, की हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

अक्षरे आणि खुणा

इंग्रजी पॅटर्नमध्ये सुलट टाक्यासाठी ‘के’ आणि उलट टाक्यासाठी ‘पी’ हे अक्षर असते, आणि पुढचा आकडा किती टाके ते सांगतो. ‘के२, पी२’ म्हणजे २ सुलट, २ उलट. मराठीत तेच ‘२ सु., २ उ.’ असे लिहितात आणि ओळीला पुष्कळदा ‘सुई’ म्हणतात: पहिली सुई, दुसरी सुई. ‘सीओ’ म्हणजे टाके घालणे. टाके बंद करण्याला अमेरिकन पॅटर्नमध्ये ‘बीओ’ आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये ‘कास्ट ऑफ’ असते. ‘आरएस’ ही सुलट बाजू, ‘डब्ल्यूएस’ ही उलट बाजू. ‘एसएल’ म्हणजे टाका न विणता उचलून दुसऱ्या सुईवर घेणे. वेगळे सांगितले नसेल तर उलट विणताना घालतो तशी सुई घालून उचलावा, म्हणजे टाक्याला पीळ पडत नाही. ‘के२टॉग’ म्हणजे दोन टाके एकत्र सुलट विणणे. याने एक टाका कमी होतो. ‘वायओ’ म्हणजे सुईवर धाग्याचा एक वेढा घेणे. याने एक टाका वाढतो आणि तिथे भोक पडते.

हे संक्षेप सगळीकडे सारखे नसतात. एडिंबरा येथील जेन गॉगेन यांनी १८४० साली काढलेल्या पुस्तकात टाक्यांसाठी अक्षरे वापरली होती, पण आज रूढ असलेली अक्षरपद्धती ती नव्हे. आजही एकाच विणीला अमेरिकेत ‘सीड’ आणि ब्रिटनमध्ये ‘मॉस’ म्हणतात. म्हणून प्रत्येक पॅटर्नसोबत दिलेली संक्षेपांची यादी आधी वाचावी, आणि पॅटर्न कोणत्या देशातला आहे ते पाहून ठेवावे.

तारकेची खूण (*) पुनरावृत्तीसाठी असते. ‘*२ सुलट, २ उलट, तारकेपासून शेवटपर्यंत’ याचा अर्थ तारकेनंतरचा मजकूर ओळ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा विणायचा. तारकेच्या आधी लिहिलेले टाके ओळीच्या सुरुवातीला एकदाच विणायचे. ‘शेवटचे ३ टाके उरेपर्यंत’ असे असेल तर डाव्या सुईवर ३ टाके उरले की पुनरावृत्ती थांबवायची आणि पुढची सूचना पाहायची. कंस आणि त्यापुढचा आकडा, उदाहरणार्थ ‘(२ टाके एकत्र) ३ वेळा’, म्हणजे कंसातली कृती सलग तीनदा. तारकांच्या आत कंस आले, तर शाळेतल्या गणितातल्याप्रमाणे आतला कंस आधी सोडवावा.

‘टाके: ४ च्या पटीत + ३’ अशी सूचना वीण कशी बसते ते सांगते. चार टाक्यांचा एक संच हवा तितक्या वेळा आणि शेवटी तीन जादा टाके. रुंदी कमी-जास्त करायची असेल तर चारच्या टप्प्याने: ३१, ३५, ३९, ४३. अधलामधला आकडा चालत नाही. का चालत नाही, हे एका पॅटर्नवर नीट दिसते.

३९ टाक्यांचा मफलर

इंग्रजीत ‘मिस्टेक रिब’ नावाने ओळखली जाणारी वीण नवशिक्यांच्या मफलरमध्ये फार चालते. मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिलिमीटरच्या सुया घेतल्या, तर पॅटर्न असा होतो:

३९ टाके घालावेत.
प्रत्येक सुई: *२ सुलट, २ उलट, तारकेपासून शेवटचे ३ टाके उरेपर्यंत, २ सुलट, १ उलट.
हवी तेवढी लांबी होईपर्यंत हीच सुई विणत राहावी. टाके बंद करावेत.

सुया हाती घेण्याआधी हिशेब करावा. ३९ मधून शेवटचे ३ गेले, ३६ उरले. संच ४ टाक्यांचा, म्हणजे तो ९ वेळा येणार. ९ गुणिले ४ म्हणजे ३६, अधिक २ सुलट, १ उलट: ३९. ओळ बरोबर बसली. पॅटर्नची कोणतीही ओळ अशीच तपासता येते. तिच्यात जेवढे टाके खर्ची पडतात तेवढेच सुईवर असले पाहिजेत. हिशेब जुळला नाही तर तारका चुकीच्या जागी वाचली गेली आहे, किंवा क्वचित छपाईतच चूक आहे.

आता काम वळवल्यावर काय होते ते पाहू. पहिली सुई १ उलट टाक्यावर संपली. वळवल्यावर तोच टाका पहिला येतो आणि पॅटर्न सांगतो, २ सुलट. म्हणजे आधीच्या ओळीतला संच एका टाक्याने सरकून येतो. सुलट बाजूने पाहिले तर पहिल्या स्तंभात दोन्ही ओळींत व्ही येतात. दुसऱ्यात एका ओळीत व्ही, दुसऱ्या ओळीत गाठ. तिसऱ्यात दोन्ही ओळींत गाठी. चौथ्यात पुन्हा आळीपाळीने. त्यामुळे व्हींचा एक ठळक उभा कणा, त्याच्या शेजारी दाणेदार खोबण, मग गाठींचा पट्टा, मग पुन्हा दाणेदार खोबण असा फुगीर पोत तयार होतो. मागची बाजूही तशीच दिसते, म्हणून मफलर गळ्यात कसाही पडला तरी चालतो.

सुईवर ३९ ऐवजी ४० टाके असते आणि शेवटपर्यंत २ सुलट, २ उलट विणले असते, तर काम वळवल्यावर सुलट टाके बरोबर समोर दिसणाऱ्या व्हींवर आणि उलट टाके बरोबर गाठींवर आले असते. बाहेरून दोन व्ही आणि दोन गाठी यांचे सरळ उभे पट्टे, म्हणजे नेहमीची रिब मिळाली असती. एका टाक्याच्या फरकाने वीण बदलते. म्हणून पॅटर्नमधली टाक्यांची संख्या फक्त रुंदीचा आकडा नसतो. वीण तिच्यावर टिकून असते.

मधेच एक टाका वाढला किंवा गळाला तर काय होते, तेही यावरून लक्षात येते. त्या ओळीपासून ठळक कणा नाहीसा होतो. नवशिक्याकडून टाका वाढण्याच्या जागा दोन. पहिली ओळीच्या आरंभी: काम वळवल्यावर धागा सुईच्या वरून मागे ओढला गेला, तर पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि ते दोन टाके म्हणून विणले जातात. दुसरी सुलटकडून उलटकडे जाताना: धागा दोन सुयांच्या मधून पुढे न आणता सुईवरून आणला, तर एक वेढा जादा पडतो. दर आठ-दहा ओळींनी टाके मोजले तर चूक फार वर जात नाही. दर दहा टाक्यांनंतर सुईवर रंगीत दोऱ्याची कडी अडकवली, तर मोजणेही सोपे जाते.

जाळीचा मफलर

ज्या विणीत टाके घटवायचे आणि वाढवायचे असतात, तिथे ओळीचा हिशेब दोनदा करावा लागतो: किती टाके खर्ची पडले आणि किती नवे तयार झाले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरची ‘ओल्ड शेल’ ही लाटांची जाळी याचे चांगले उदाहरण आहे. तिचा संच १८ टाक्यांचा. मफलरसाठी दोन संच आणि दोन्ही कडांना ३-३ टाके, म्हणजे ३६ अधिक ६, एकूण ४२ टाके.

पहिली सुई: सर्व टाके सुलट.
दुसरी सुई: ३ सुलट, ३६ उलट, ३ सुलट.
तिसरी सुई: ३ सुलट, *(२ टाके एकत्र सुलट) ३ वेळा, (१ वेढा, १ सुलट) ६ वेळा, (२ टाके एकत्र सुलट) ३ वेळा, तारकेपासून आणखी एकदा, ३ सुलट.
चौथी सुई: सर्व टाके सुलट.
या चार सुया परत परत विणाव्यात.

तिसरी सुई पाहताच नवशिक्याचा धीर सुटतो, पण कंस सुटे केले की ती सोपी आहे. पहिल्या कंसात ६ टाके खर्च होऊन ३ उरतात. मधल्या कंसात ६ टाके खर्च होतात आणि ६ वेढे धरून १२ तयार होतात. शेवटच्या कंसात पुन्हा ६ चे ३. खर्च १८, उत्पन्न ३ अधिक १२ अधिक ३, म्हणजे १८. सुईवरचे टाके तेवढेच राहिले. फरक पडतो तो जागेत: संचाच्या दोन्ही बाजूंना टाके दाटतात आणि मध्यभागी पसरतात, म्हणून ओळ वर-खाली होऊन लाट उमटते. चार सुयांपैकी खरी विचार करायला लावणारी एकच. बाकी तीन डोळे मिटून विणता येतात.

‘आणखी’ आणि ‘एकूण’ यांतला फरकही इथे लक्षात ठेवावा. तारकेपासून आणखी एकदा म्हणजे पहिली वेळ धरून एकूण दोनदा. ‘एकूण दोन वेळा’ असे लिहिले असेल तर पहिली वेळ त्यात धरलेलीच आहे. शंका आली तर टाक्यांचा हिशेब कोणता अर्थ बरोबर ते सांगतो.

चार्ट

पुष्कळ पॅटर्नमध्ये शब्दांऐवजी चौकटींचा चार्ट असतो. एक चौकट म्हणजे एक टाका, चौकटींची एक आडवी रांग म्हणजे एक ओळ. काम खालून वर वाढते, म्हणून चार्टही खालून वर वाचायचा. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे, कारण विणणेही त्याच दिशेने होते. काम वळवल्यावर उलट बाजूची ओळ डावीकडून उजवीकडे. ओळीचा क्रमांक चार्टच्या ज्या बाजूला छापलेला असतो तिथून वाचायला सुरुवात करावी.

चार्टमध्ये काम सुलट बाजूने कसे दिसेल ते काढलेले असते. रिकामी चौकट म्हणजे समोर व्ही दिसायला हवा. सुलट बाजूच्या ओळीत त्यासाठी सुलट टाका विणावा लागतो आणि उलट बाजूच्या ओळीत उलट. ठिपक्याची चौकट म्हणजे समोर गाठ, म्हणून कृती याच्या उलट. जपानी पुस्तकांत सुलटसाठी उभी आणि उलटसाठी आडवी रेघ असते आणि तिथे ही चिन्हे राष्ट्रीय मानकाने ठरवलेली आहेत. त्यामुळे भाषा येत नसूनही जपानी चार्टवरून विणता येते. इतर देशांत चिन्हे प्रकाशकाप्रमाणे बदलतात, म्हणून चार्टशेजारची खुणांची यादी सोडू नये. ठळक रेघेने घेरलेला भाग पुनरावृत्तीचा. तारकेचे काम तिथे ती रेघ करते. वाचताना चालू ओळीच्या वरच्या कडेला पट्टी ठेवावी, म्हणजे विणून झालेल्या ओळी दिसत राहतात आणि नवी ओळ त्यांच्यावर बरोबर बसते आहे का ते ताडता येते.

थांबणे आणि शेवट

मफलरच्या पॅटर्नमध्ये लांबी बहुधा ओळींत सांगत नाहीत, ‘काम १५० सेंमी होईपर्यंत’ असे लिहितात. मोजताना काम सपाट जागेवर, न ताणता ठेवावे. हातात लोंबकळत धरून मोजले तर विणलेला पट्टा स्वतःच्या वजनाने लांबतो आणि मफलर प्रत्यक्षात तोकडा निघतो. संच चार ओळींचा असेल तर लांबी भरली तरी चालू संच पुरा करूनच थांबावे.

लांबीची सूचना ठळक नसेल तर काय होऊ शकते, याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेत टॉम बेकर यांच्या भूमिकेसाठी १९७४ मध्ये वेशभूषाकार जेम्स ॲचिसन यांनी मफलर विणायला दिला. विणणाऱ्या बिगोनिया पोप यांच्याकडे अनेक रंगांची भरपूर लोकर पोचवली गेली. त्यांतले काही रंग निवडले जातील अशी अपेक्षा होती. पोप यांनी आलेली सगळी लोकर विणून टाकली. जमिनीवर लोळणारा तो मफलर नटाला इतका शोभला, की त्या पात्राची ती ओळखच होऊन गेली. एरवी मात्र झालर लावायची असेल तर तिची लोकर आधीच कापून बाजूला ठेवावी. झालरीचा प्रत्येक तुकडा हव्या लांबीच्या दुपटीहून थोडा जास्त लागतो, कारण तो दुमडून कडेला अडकवतात.

नवा गुंडा शक्यतो ओळीच्या आरंभी जोडावा आणि जुन्या-नव्या धाग्यांची वीतभर टोके सोडावीत. ‘वीण राखून टाके बंद करावेत’ असे असेल तर बंद करतानाही सुलट टाका सुलट आणि उलट टाका उलट विणून मग आधीचा टाका त्यावरून उतरवायचा. नाहीतर रिबचा शेवट फताडा होतो. टाके आवळून बंद केले तर मफलरचे एक टोक दुसऱ्यापेक्षा अरुंद दिसते. हात आवळ असेल तर या एका ओळीपुरती जाड सुई वापरावी. सुटलेली टोके बोथट सुईने विणीच्या आत ओवून टाकावीत.

शेवटची ओळ पुष्कळदा एका शब्दाची असते: ‘ब्लॉक’. धुऊन, आकार देऊन वाळवणे असा तिचा अर्थ. मेंढीच्या लोकरीचा मफलर कोमट पाण्यात भिजवावा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सपाट पसरून, कडा सरळ करून, लागल्यास टाचण्या लावून वाळू द्यावा. जाळीच्या मफलरला याची विशेष गरज असते. ‘ओल्ड शेल’च्या लाटा आणि भोके ताणून वाळवल्याशिवाय उठून दिसत नाहीत. आपल्याकडे बाजारात मिळणारी बरीचशी ‘लोकर’ ॲक्रिलिकची असते. ती पाण्याने फारसा आकार घेत नाही आणि गरम इस्त्री थेट लावली तर वितळून चपटी व निर्जीव होते. ॲक्रिलिकचा मफलर धुऊन सपाट वाळवला की पुरे. रिबसारख्या विणीला तर कोणतीही लोकर असो, इस्त्री फिरवू नये. तिचा फुगीरपणा आणि लवचीकपणा एकदा दाबला गेला की सहजासहजी परत येत नाही.